मिरगीची गोळी चालू असताना पावरची गोळी काम का करत नाही, आणि दोन घेतल्या तर काय होतं

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी गर्दी ओसरते, भाजीवाल्या बाया पाल गुंडाळायला लागतात, तेव्हा आमच्या मेडिकलवर एका ठरावीक प्रकारचं गिऱ्हाईक येतं. आधी तापाची गोळी मागतो, मग बाम हातात घेऊन बघतो, आणि दुकानात दुसरं कोणी उरलं नाही की मोबाईल काढून एका रिकाम्या स्ट्रिपचा फोटो पुढे करतो. तुरीच्या हंगामात असाच एक जण आला, चाळिशी ओलांडलेला, शर्टाच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी.

"भाऊ, हे पन्नासवाली काहीच काम नाई करून राह्यली. शंभरवाली द्या. नाईतर याच दोन घेतल्या तर जमते का?"

चिठ्ठी नव्हतीच, मित्राने दिलेली स्ट्रिप होती. मी नाही म्हणणार तेवढ्यात चेहरा ओळखीचा वाटला. सरकारी दवाखान्यातला स्टॉक संपला की फिटच्या गोळ्या आमच्याकडून नेणारा हाच माणूस, ६० मिलिग्रॅमची गार्डिनल, कितीतरी वर्षांपासून. मी विचारलं, "भाऊ, फिटच्या डॉक्टरले सांगितलं का हे?" तर तो म्हणाला, "त्याचा अन् याचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. त्या दिवशी काउंटरवर पाच मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे नीट लिहितो, कारण यवतमाळ असो की वाशीम की गडचिरोली, गावात मिरगीच्या गोळ्या घेणारे खूप आहेत आणि पावरच्या गोळ्या लपून घेणारे पण खूप आहेत, आणि यातले काही जण दोन्ही घेतात हे घरात कोणालाच माहीत नसतं.

पावरची गोळी नेमकं करते काय

आधी तर हे "पावरची गोळी" नावच डोक्यातून काढा, कारण ती ताकद देतच नाही. औषधाचं नाव सिल्डेनाफिल, व्हायाग्रा हे तिचं पहिलं बाजारातलं नाव. इंग्लंडमध्ये हृदयाच्या दुखण्यासाठी तिची तपासणी चालू होती, छातीच्या दुखण्यावर फार काही जमलं नाही पण तपासणीतल्या पुरुषांनी हा दुसराच परिणाम सांगितला, आणि १९९८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत ती लिंगाच्या ताठरपणासाठी मंजूर झाली.

ओलिताचं वावर डोळ्यासमोर आणा. विहिरीवरची मोटर सुरू झाली की पाटाने पाणी वाफ्यात जातं. इथे मोटर म्हणजे मनातली इच्छा, स्पर्श, जवळीक. ती सुरू झाली की लिंगातल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त भरतं. पण शरीराने पाटाला एक भगदाड पण ठेवलंय, म्हणजे वाहिन्या सैल ठेवणारा जो पदार्थ तयार होतो तो तोडून टाकणारं एक रसायन तिथेच असतं, नाहीतर पाणी कधी उतरलंच नसतं. सिल्डेनाफिल फक्त ते भगदाड चिखलाने बुजवते. मोटर बंद असेल, म्हणजे भांडण झालंय, टेन्शन आहे, किंवा शुगरने नसाच खराब झाल्यात, तर भगदाड कितीही बुजवा, पाटात पाणीच नाही.

आणखी एक, गोळी रिकाम्या पोटी अर्ध्या ते एका तासात लागू होते, पण तर्रीवालं मटण हाणून वरून घेतली तर तासभर उशीर होतो आणि जोर पण कमी पडतो. "काम नाई करत" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट इथेच संपते. त्या भाऊंची संपली नाही.

फिटची गोळी कोणत्या घराण्यातली

गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटोन. हे बार्बिट्युरेट नावाच्या घराण्यातलं औषध, म्हणजे मेंदूचा वेग कमी करणारी जुन्या काळातली गुंगीची औषधं. मेंदूला ट्रॅक्टरसारखा ब्रेक असतो असं समजा, बार्बिट्युरेट तो ब्रेक दाबून धरतात. थोडा दाबला तर फिट थांबते, जास्त दाबला तर झोप, आणि फारच दाबला तर श्वास बंद. म्हणूनच झोपेसाठी यांचा वापर जगभर जवळपास बंद झाला. पण फेनोबार्बिटोन १९१२ पासून मिरगीसाठी वापरात आहे आणि अजून टिकून आहे, कारण स्वस्त आहे, दिवसातून एकदा घेतली तरी चालते आणि लाखो लोकांची फिट तिने थांबते. कोणी तिला "जुनाट औषध" म्हणून नाक मुरडलं तर मला राग येतो, गरिबाच्या घरात तिने फार मोठं काम केलंय.

तिची एक खासियत लक्षात ठेवा, ती अंगात फार काळ मुक्काम करते. सिल्डेनाफिलचा निम्मा भाग रक्तातून जायला साधारण ४ तास लागतात, फेनोबार्बिटोनला मोठ्या माणसात ४ दिवसांच्या आसपास.

खरी गोम लिव्हरमध्ये आहे

आपण जी गोळी गिळतो ती कायम अंगात राहत नाही, लिव्हर तिला तोडून बाहेर काढतं. हे तोडायचं काम करणारी जी रसायनं असतात त्यांना एन्झाइम म्हणतात. कापूस वेचणाऱ्या मजुरांची टोळी समजा. वावरात बोंडं फुटलीत म्हणजे औषध अंगात आहे, मजूर वेचत जातात, वावर रिकामं होत जातं. दहा मजूर असले तर दिवस पुरतो, चाळीस लावले तर दुपारच्या भाकरीच्या आधी वावर साफ.

सिल्डेनाफिल ज्या टोळीच्या हातून जाते तिला डॉक्टर लोक सीवायपी-थ्री-ए-फोर म्हणतात, नाव विसरलात तरी चालेल. फेनोबार्बिटोन काय करते, तर या टोळीच्या मुकादमाला जाऊन सांगते की आणखी मजूर आण. मुकादम आणत राहतो. दोन-तीन आठवड्यांत टोळी फुगते आणि जोपर्यंत फिटची गोळी रोज चालू आहे तोपर्यंत फुगलेलीच राहते. आता अशा लिव्हरमध्ये ५० मिलिग्रॅमची गोळी आली की तिचा बराच भाग रक्तात पोचायच्या आधीच वेचला जातो, आणि जो पोचतो तो पण लवकर संपतो. माणसाने ५० घेतली, अंगाला मिळाली त्याच्यापेक्षा कितीतरी कमी.

केवढा फरक पडू शकतो याचा अंदाज टीबीच्या औषधावरून घ्या. टीबीच्या कोर्समध्ये लघवी लाल करणारं जे रिफाम्पिसिन असतं ते पण याच मुकादमाचं काम करतं, आणि ते चालू असताना टाडालाफिल (सिल्डेनाफिलचीच बहीण, पण ३६ तासांपर्यंत चालणारी) घेतली तर अंगाला मिळणारं औषध ८८ टक्क्यांनी कमी होतं, हे मोजलेलं आहे. म्हणजे रुपयातले बारा पैसे हातात. फेनोबार्बिटोनने किती कमी होईल ते माणसागणिक आणि डोसागणिक बदलतं, पण दिशा हीच.

मिरगीच्या बाकी गोळ्यांमध्ये फेनिटॉइन, म्हणजे आपल्याकडे जिला एप्टॉइन म्हणतात ती, आणि कार्बामाझेपिन याच पंक्तीतल्या. लेव्हेटिरासिटाम आणि व्हॅल्प्रोएट असे मजूर गोळा करत नाहीत.

इथे बायकांसाठी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हीच फुगलेली टोळी माला-डी सारखी पाळणा लांबवायची गोळी पण लवकर संपवते. फिटच्या गोळ्या चालू असलेली बाई नियमाने माला-डी घेते आणि तरी दिवस राहतात, मग सासरचे म्हणतात हिनेच गोळ्या चुकवल्या. तिने चुकवल्या नसतात. फिटची गोळी चालू असेल तर आशाताईला किंवा नर्सबाईला तसं सांगा आणि तांबी किंवा दुसरं साधन विचारा.

"मग सकाळी एक अन् रात्री एक घेतो, टायमिंग सोडून"

हे मला सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि डोकं बरोबर चाललंय लोकांचं, कारण कॅल्शियम आणि थायरॉइडच्या गोळीला असं अंतर ठेवा म्हणून डॉक्टरच सांगतात. पण ते भांडण पोटात असतं, तिथे दोन गोळ्या एकमेकींना भेटतात. हे भांडण लिव्हरमधलं आहे आणि इथे गोळ्यांनी एकमेकींना भेटायची गरजच नाही. मजूर एकदा वस्तीला आले की ते सकाळी पण आहेत, रात्री पण आहेत. एक दिवस फिटची गोळी चुकवली तरी टोळी कमी होत नाही, उलट फिट यायचा धोका तेवढा वाढतो.

"मग दोन घेतल्या तर बिघडलं काय, तसंही अर्धी वायाच जाते ना"

हिशोब म्हणून बरोबर वाटतं. डॉक्टर स्वतः कधीकधी डोस वाढवतात पण. पण स्वतःच्या मनाने दोन, मग तीन करणाऱ्याच्या बाबतीत मला तीन गोष्टींची भीती वाटते.

पहिली, मजूर कायमचे नसतात. समजा डॉक्टरने फिटची गोळी हळूहळू बदलली किंवा बंद केली. पुढच्या काही आठवड्यांत टोळी पांगते, लिव्हर आधीसारखं होतं, आणि ज्या दोन-तीन गोळ्या काल एकीसारख्या लागत होत्या त्या आता खरोखर दोन-तीन म्हणून लागतात. डोकं ठणकणं, तोंड लाल होणं, दिसायला निळसर होणं इथपासून ते रात्री लघवीला उठल्यावर बीपी पडून अंगणात कोसळण्यापर्यंत. आणि काही औषधं तर मजुरांचे हातच बांधून ठेवतात. एरिथ्रोमायसिन नावाचं साधं अँटिबायोटिक चालू असताना सिल्डेनाफिल अंगात जवळपास पावणेतीन पट होते. म्हणजे एकाच माणसाच्या अंगात तीच गोळी औषधं बदलतील तशी कधी पाव तर कधी पावणेतीन. अंदाजाने खेळायची ही गोष्ट नाही.

दुसरी भीती सगळ्यात मोठी, ती सॉर्बिट्रेटची. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा असे मेसेज गावोगाव फिरतात, बऱ्याच घरात देवळीत एक स्ट्रिप असतेच. सॉर्बिट्रेट अंगभर नायट्रिक ऑक्साइड वाढवते, म्हणजे पाटावर आणखी एक दहा हॉर्सपॉवरची मोटर सुरू केली. इकडे पावरच्या गोळीने भगदाड बुजवलेलं. आता साऱ्या अंगातल्या रक्तवाहिन्या एकदम ढिल्या पडतात, बीपी धाडकन खाली येतं, आणि अशाने माणसं दगावलेली आहेत. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास सॉर्बिट्रेट जाता कामा नये, आणि ज्याला हृदयासाठी अशी गोळी रोजचीच चालू आहे त्याने पावरच्या गोळीचं नावच काढू नये. रात्री दोन वाजता छातीत कळ येते, बायको घाबरून जिभेखाली गोळी ठेवते, तिला बिचारीला काय माहीत याने संध्याकाळी काय घेतलंय. म्हणून एवढं तरी करा, छातीत दुखलं तर १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी ही गोळी घेतलीय. लाज दुसऱ्या दिवशी वाटू द्या.

तिसरी, दारू. फेनोबार्बिटोनने मेंदूचा एक ब्रेक दाबलेला असतोच, वरून मोहाची असो की बाटलीतली, दारू दुसरा ब्रेक दाबते. झोप गाढ होत जाते, श्वास मंद होत जातो. आणि दारू, सिल्डेनाफिल दोन्ही बीपी उतरवणाऱ्या. "मूड" म्हणून दोन पेग, त्यावर गोळी, आणि अंगात आधीच गार्डिनल, ही तिघींची बैठक मला अजिबात बघवत नाही.

आणि हो, सिल्डेनाफिल घेणाऱ्यांमध्ये क्वचित फिट आल्याची, बंद झालेली फिट परत आल्याचीही नोंद आहे. क्वचित आहे, पण ज्याला मिरगी आहे त्याने डॉक्टरला न सांगता ती घेऊ नये याला एवढं कारण पुरे.

"जाऊ द्या, मिरगीचीच गोळी बंद करतो"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. फेनोबार्बिटोन एकदम सोडली तर मेंदूचा इतक्या वर्षांचा ब्रेक एका झटक्यात सुटतो, आणि एकामागून एक अशा फिट येऊ शकतात की मध्ये शुद्धच येत नाही. दवाखान्यात वेळेवर पोचलं नाही तर जीव जातो. आपल्या गावातली फिट म्हणजे काय ते मी सांगायला नको, विहिरीवर, चुलीजवळ, मोटारसायकलवर. गोळी बदलायची असेल तर डॉक्टर ती आठवड्यागणिक, महिन्यागणिक थोडी थोडी उतरवतात आणि दुसरी चढवतात. ते त्यांनीच करायचं.

मात्र या वाक्यामागे एक खरी गोष्ट लपलेली असते. फेनोबार्बिटोनने स्वतःच काही पुरुषांमध्ये इच्छा कमी होते, ताठरपणा कमी होतो. ती आणि तिच्या पंक्तीतल्या गोळ्या पुरुषी हार्मोन बांधून ठेवणारं एक प्रथिन वाढवतात, त्यामुळे रक्तात हार्मोन असून मोकळा कमी मिळतो. म्हणजे बघा, फिटच्या गोळीने थोडी तक्रार तयार झाली, त्या तक्रारीवर माणसाने लपून गोळी घेतली, आणि फिटच्या गोळीनेच ती गोळी खाऊन टाकली. ही साखळी डॉक्टरला कळली तर तो मुळात हात घालू शकतो, कळलीच नाही तर तो फिट थांबली म्हणून खूश असतो आणि इकडे माणूस आतून खचत जातो.

"मी झोपेची गोळी घेतो, ती पण यातलीच का"

बहुतेक नाही. आज झोपेसाठी जी चिठ्ठी मिळते ती जास्त करून अल्प्राझोलाम किंवा तशा गोळ्यांची असते, ते वेगळं घराणं आहे आणि ते लिव्हरमध्ये मजूर वाढवत नाही. पण ब्रेक तेही दाबतं, त्यामुळे दारूबद्दल वर लिहिलं ते तिथेही लागू आहे.

"आम्ही तर जडीबुटीची पुडी घेतो, तिच्यात काय असणार"

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. स्ट्रिपवर निदान नाव असतं, पुडीवर काहीच नसतं. "ताकदीच्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या-कॅप्सूलमध्ये न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं वेगवेगळ्या देशांत वारंवार सापडलंय. आणि मिरगीवरच्या "शंभर टक्के आयुर्वेदिक" पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोन सापडल्याची प्रकरणं आपल्या देशात झालेली आहेत. आता विचार करा, बाजारात एका पालावरून मिरगीची पुडी घेतली, दुसऱ्या पालावरून ताकदीची, माणूस समजतो मी इंग्लिश औषधाला हातच लावत नाही, आणि अंगात तेच दोन्ही, तेही किती मिलिग्रॅम ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. सिंगापूरमध्ये २००८ साली असल्या नकली ताकदीच्या गोळ्यांमध्ये शुगर उतरवायचं औषध मिसळलेलं होतं, शुगर नसलेले दीडशे लोक साखर एकदम खाली जाऊन दवाखान्यात भरती झाले आणि त्यातले ४ वारले. खऱ्या आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, माझं भांडण बिननावाच्या पुडीशी आहे. मिरगीची अशी पुडी चालू असेल तर ती पण झटक्यात सोडू नका, पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा, कारण आत फेनोबार्बिटोन असेल तर सोडल्यावर तेच होईल जे गार्डिनल सोडल्यावर होतं.

"डॉक्टरसमोर तोंडच उघडत नाही, लाइनीत मागे गावचेच लोक असतात"

खरं आहे, आणि यात माणसाची चूक नाही. ओपीडीत डॉक्टरला दोन मिनिटं मिळतात, दारात सासऱ्याच्या वयाचे लोक उभे असतात. माझा अनुभव सांगतो, बोलता येत नसेल तर लिहून न्या. एका कागदावर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहा, बीपीची, शुगरची, फिटची, पुडी असेल तर पुडी, आणि खाली एक ओळ, "ताठरपणाचा त्रास आहे, त्यासाठी अमुक गोळी इतक्या वेळा घेतली." स्पेलिंग येत नसेल तर रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत टाकून न्या. कागद पुढे सरकवला की बाकी डॉक्टर विचारतो.

आणि तिथे गेल्यावर फक्त डोस बदलून घेऊन येऊ नका, शुगर, बीपी तपासून घ्या. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे नळीत गाळ साचायला लागला तर तो आधी तिथे कळतो, छातीत कळायला पुढे काही वर्षं जातात. हा त्रास कधीकधी हृदयाने आधी पाठवलेला निरोप असतो. खर्रा तर सोडाच सोडा, तंबाखू याच नळ्या आवळतो, एका हाताने खर्रा घोटायचा आणि दुसऱ्या हाताने नळ्या सैल करायची गोळी घ्यायची याला काही अर्थ नाही. गोळीने ४ तासांच्या वर ताठरपणा उतरलाच नाही, किंवा एका डोळ्याने एकदम दिसेनासं झालं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

तो तुरीच्या हंगामातला माणूस पुढच्या बाजाराला आला नाही, त्याच्या पुढच्या आला. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आला होता, मी दिलेल्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला बारीक अक्षरात सगळं लिहून नेलं होतं त्याने. शुगर वाढलेली निघाली, जी त्याला माहीतच नव्हती. फिटची गोळी आता हळूहळू बदलताहेत, सहा महिने लागतील म्हणाले, आणि पावरच्या गोळीला डॉक्टरने सध्या थांबायला सांगितलंय, नवी गोळी बसेपर्यंत. त्याने चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि या वेळी दुकानात दोन माणसं उभी असतानाच विचारलं, "हे नवीन फिटची गोळी जेवणाच्या आंधी की मांगून?"

ज्यांना असंच काही विचारायचं असेल त्यांनी आपल्या गावच्या मेडिकलवर दुपारी दोन ते चारमध्ये जावं, तेव्हा सगळं गाव वावरात असतं आणि काउंटरवर कोणी नसतं.